तहखान्यातला गारवा

आमच्या शाळेच्या आवारात एक बोअर आहे. शाळा म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात, दोन वर्कशॉपच्या मधोमध भाड्याने घेतलेली शेड. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, मधे प्लायवूडचे आडोसे घालून केलेले वर्ग. इथे आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना इतिहास आणि विज्ञान असे दोन्ही विषय शिकवतो, कारण शिक्षक कमी आहेत. जानेवारीत सकाळच्या पहिल्या तासाला बोअरचे पाणी हाताला कोमट लागते. एप्रिलात तेच पाणी गार लागते. सहावीतल्या एका मुलाने एकदा विचारले, "सर, जमीन के नीचे मौसम उल्टा चलता क्या?"

मुले हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ग्रीकांच्या काळापासून विद्वान हाच प्रश्न विचारत आले होते. बाहेर थंडी पडली की उष्णता घाबरून जमिनीच्या पोटात शिरते आणि उन्हाळ्यात थंडी तिथे आसरा घेते, असे उत्तर कित्येक शतके दिले जात होते. आम्ही मुलांना उत्तर दिले नाही. प्रयोगशाळेतला, म्हणजे कपाटातला, थर्मामीटर काढला आणि बादलीत बुडवला. जानेवारीत २६ अंश. पुन्हा एप्रिलात मोजले तेव्हा २७. त्याच दिवशी दुपारी साडेबाराला पत्र्याखालच्या वर्गात ४१ अंश होते. मौसम उलटा चालत नव्हता. खाली तो जवळजवळ चालतच नव्हता. बदलत होता तो आपला हात.

पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटर खोल तळघरे आहेत. १७८० च्या दशकात लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने तिथे एक नाजूक थर्मामीटर बसवला. वर बर्फ पडो की ऊन तापो, खालचा पारा १२ अंशांच्या जवळपास बसून राहिला. दिवसरात्रीचा फरक जमिनीत हात-दोन हात खाली जाईपर्यंत विरून जातो. ऋतूंचा फरक साधारण दहा मीटरपर्यंत टिकतो आणि मग तोही संपतो. त्याखाली त्या गावच्या वर्षभराच्या हवेची सरासरी मुरलेली असते. पुण्याकडे ही सरासरी २५ अंशांच्या आसपास येते. आमच्या बादलीतला आकडा तोच हिशेब सांगत होता.

इथे एक गल्लत आधीच दूर केलेली बरी. भूगर्भातली उष्णता म्हटले की आपल्याकडे वज्रेश्वरी, राजापूर, उन्हवरे ही उन्हाळी डोळ्यांसमोर येतात. कोकणात अशा गरम झऱ्यांची रांगच आहे. पण ती पृथ्वीच्या पोटातली, खोलवरची आग. आम्ही ज्या गारव्याबद्दल लिहितो आहोत तो वरच्या थरातला आहे. तो सूर्यानेच दिलेल्या उष्णतेचा साठा आहे, आणि तो पुण्यात, पैठणात, अगदी कुणाच्याही परसात सापडतो.

हा साठा वापरायला माणूस फार पूर्वी शिकला. इराक आणि इराणमधली घरे पाहा. बगदादच्या जुन्या घरात सरदाब असे, म्हणजे अर्धे जमिनीत गेलेले दालन. उन्हाळ्याची दुपार सगळे कुटुंब तिथे काढी. यज्द शहरात गच्चीवरचा बादगीर वारा पकडून खाली सोडतो. तिथल्या दौलताबाद बागेतला बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे. पुष्कळ ठिकाणी हा वारा जमिनीखालून वाहणाऱ्या कनातीच्या पाण्यावरून फिरून मग खोलीत येतो. उष्ण हवेला आधी जमिनीची गाठ घालून द्यायची आणि मग घरात घ्यायचे, एवढीच ती युक्ती.

बाबर १५२६ मध्ये आग्र्याला पोहोचला तेव्हा त्याला हिंदुस्थानातल्या तीन गोष्टींनी छळले: ऊन, लू आणि धूळ. आपल्या आत्मचरित्रात तो लिहितो की या तिन्हींवर हमामचा उपाय चांगला. वाचताना नवल वाटते, कारण हमाम म्हणजे गरम पाण्याने न्हाण्याची जागा. पण जाड भिंतींच्या, खिडक्या नसलेल्या, पाण्याने ओल्या असलेल्या त्या दगडी खोल्या लू चालत असताना त्याला थंडी वाजेल इतक्या गार लागत. पुढे अकबराच्या काळात वाळ्याच्या टट्ट्या आल्या. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त त्यांची नोंद केली आहे. वाळ्याचा पडदा आपल्या मराठी घरांनाही अनोळखी नाही. मात्र तो पाण्याच्या बाष्पीभवनाचा गारवा. जमिनीचा गारवा वेगळा, आणि त्याचे खरे कारागीर दख्खनने पाहिले.

अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. शहराच्या दक्षिणेला फराहबाग आहे. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ च्या सुमारास हा महाल पूर्ण झाला. अष्टकोनी इमारत, उंच दालन आणि चारही बाजूंनी तलाव. वारा कुठूनही येवो, तो पाण्यावरूनच येणार. आज तलाव कोरडा आहे आणि महाल पडका. निजामशाहीच्या राजधानीला पाणी खापरी नळांतून येत असे. बागांना आणि महालांना मिळणारे पाणी किती दुरून आणले होते हे पाहिले की सुलतानांच्या ऐषारामापेक्षा नळ घालणाऱ्यांचेच कौतुक जास्त वाटते.

नळदुर्गचा पाणीमहाल याहून धाडसी. बोरी नदीवर बांध घालून किल्ला आणि रणमंडळ जोडले आणि त्या बांधाच्या पोटातच महाल बांधला. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाचा काळ, १६१३ च्या सुमारास. तिथे फारसी शिलालेख आहे. पावसाळ्यात बांध भरला की नर आणि मादी नावाच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि महालाच्या खिडकीसमोर पाण्याचा पडदा तयार होतो. आत थेंब येत नाही. लोक तो पडदा पाहायला गर्दी करतात, फोटो काढतात आणि परततात. आम्हाला मात्र त्या खोलीच्या मागच्या भिंतीचे महत्त्व जास्त वाटते. त्या भिंतीपलीकडे अख्खा जलाशय टेकलेला असतो. एका बाजूला साठलेले पाणी, वर-खाली जाड दगड. उन्हाला आत शिरायला वाटच ठेवलेली नाही.

आमची स्वतःची ओळख मात्र औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीपासूनची. आमचे आजोळ त्या शहरात. मे महिन्यात जोहरची नमाज झाली की नाना आम्हा भावंडांना घेऊन पाणचक्कीला जात. वर लांबलचक हौज. हौजातले पाणी भिंतीवरून धबधब्यासारखे खाली पडते. मुलांना तिथेच थांबायचे असे; नाना मात्र आम्हाला हौजाच्या खालच्या अंगाला नेत. हौजाचा तळ हेच त्या खालच्या दालनाचे छत आहे. जाड दगडी खांबांच्या ओळींवर ते छत आणि त्यावरचे सगळे पाणी पेललेले आहे. नाना भिंतीला पाठ लावून बसत आणि म्हणत, "ऊपर हौज, नीचे मौज." बाहेर रस्त्यावरचे डांबर पातळ झालेले असे आणि इथे काही वेळाने लहान बहीण अम्मीची ओढणी मागू लागे.

पाणचक्कीची वास्तू सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने घडली. नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा तिथे आहे. तिच्या पाण्याची गोष्ट मात्र त्याआधी सुरू होते. मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून या देशात आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी गावात राजधानी वसवली. गावाला पाणी नव्हते. डोंगराकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत आणि नळांत धरून, उतारावरून शहरात आणण्याची त्याची योजना दरबाऱ्यांना वेडेपणाची वाटली होती असे सांगतात. १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी वाहू लागली. त्याच धर्तीवर पुढे शहरात अनेक नहरी झाल्या आणि पाणचक्कीची नहर त्यांपैकीच एक. तिचे पाणी काही किलोमीटर जमिनीखालच्या खापरी नळांतून येते.

आता आमच्या बादलीची आठवण ठेवा. जमिनीखालून इतका प्रवास करून आलेले पाणी कोणत्या तापमानाचे असणार? जमिनीच्या. ते हौजात येते, वरचे ऊन अंगावर घेते, थोडे वाफ होऊन जाते, उरलेले चक्कीवर पडून पुढे निघून जाते आणि त्याच्या जागी नवे गार पाणी येते. खालच्या दालनातली उष्णता हे वाहते पाणी सतत उचलून नेते. जमिनीत नळ गाडून त्यांतून पाणी फिरवायचे आणि घरातली उष्णता त्या पाण्याच्या पाठीवर लादून बाहेर काढायची, हे आजच्या यंत्रांचे तत्त्व इथे विजेशिवाय काम करत होते. बांधणाऱ्यांनी नहर गारव्यासाठी खोदली असे आम्ही म्हणणार नाही. ती पाण्यासाठीच खोदली. पण हौजाखाली दालन काढणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे नक्की कळत होते.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. फराहबाग आणि पाणीमहाल ही सुलतानांच्या सुखाची ठिकाणे. पाणचक्कीचा गारवा मुसाफिरांसाठी, फकिरांसाठी आणि दर्ग्यात शिकायला येणाऱ्यांसाठी होता. तिथल्या चक्कीवर त्यांचेच धान्य दळले जाई. आमच्या विद्यार्थ्यांना मध्ययुगातले मुसलमान म्हटले की तलवार आठवते. तो त्यांचा दोष नाही, आम्हीही तोच धडा गिरवून बी.एड. झालो. मलिक अंबरची गनिमी युद्धपद्धती परीक्षेत विचारली जाते. त्याच्या नहरीचा उतार किती होता, हे आजवर कुणी विचारलेले आम्हाला आठवत नाही.

यंत्राची गोष्ट पुढे युरोपात घडली. विल्यम थॉम्सन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनी १८५२ मध्ये हवेच्या प्रवाहाने इमारती तापवण्याची किंवा गार करण्याची किफायतशीर रीत कागदावर मांडली. उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडे जाते. पंप लावून पाणी चढावर नेतात तशी, थोडी शक्ती खर्च केली तर तीही उलट दिशेने नेता येते. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५० च्या दशकात एबेन्झेच्या मिठागरात या तत्त्वावर यंत्र चालवून पाहिले. जमिनीलाच उष्णतेची टाकी करावी ही कल्पना स्वित्झर्लंडच्या हाइन्रिश त्सोली यांची. त्यांचे पेटंट १९१२ चे. झुरिकचे नगरभवन १९३८ पासून लिम्मात नदीच्या पाण्यातून ऊब काढू लागले. अमेरिकेत रॉबर्ट वेबर नावाच्या गृहस्थांचा हात डीप फ्रीझरच्या नळीला भाजला आणि फ्रीझर बाहेर टाकतो ती उष्णता फुकट चालली आहे हे त्यांच्या ध्यानात आले, असे सांगतात. १९४० च्या दशकात त्यांनी अंगणात तांब्याच्या नळ्या पुरून घर तापवले. १९४८ मध्ये पोर्टलंड शहरातली एक मोठी कचेरी भूजलावर तापू आणि निवू लागली. १९७३ नंतर तेल महागले तसा या पंपांचा प्रसार वाढला. स्वीडनमध्ये आज ते लाखो घरांत आहेत.

मुलांना हे समजावताना आम्ही शाळेतल्या ऑफिसच्या फ्रीजचा आधार घेतला. फ्रीजच्या मागची जाळी गरम का लागते? कारण आतली उष्णता तिथे आणून टाकलेली असते. एसीही तेच करतो, फक्त खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. पण बाहेरची हवाच ४० अंशांवर असेल तर त्याला धापा टाकाव्या लागतात. तीच उष्णता २६-२७ अंशांच्या जमिनीत टाकायची असेल तर चढ कमी पडतो आणि वीज कमी लागते. चांगला पंप विजेच्या एका युनिटमागे उष्णतेची तीन ते पाच युनिटे हलवतो. जाता जाता सांगायचे तर एसीचा 'टन' हा वजनाचा नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खाईल तेवढी ती ताकद. अमेरिकेच्या तळ्यांतला बर्फ १८३४ मध्ये जहाजाने मुंबईत उतरला होता. त्या व्यापाराची आठवण दुकानदाराच्या "देढ टन लगेगा" या वाक्यात अजून आहे.

आता आमच्या गावाकडे येऊ. पिंपरीत यंत्राने गारवा आणला तो माणसासाठी नव्हे, बुरशीसाठी. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी इथे उभी राहिली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीनची बुरशी फार नाजूक. २५ अंशांच्या आसपास ती सुखात वाढते आणि वाढताना स्वतःच उष्णता सोडते. टाक्या सतत निववाव्या लागतात. पिंपरीच्या जमिनीखाली जो आकडा बारा महिने पडून होता, तोच आकडा टाकीत राखण्यासाठी यंत्रे चालत राहिली. साठच्या दशकात चिंचवड, भोसरी, आकुर्डीत कारखाने आले. याच चिंचवडमध्ये थरमॅक्स कंपनीचे बस्तान आहे. कारखान्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी शीतयंत्रे ही तिची एक ओळख. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर मराठवाडा सोडलेली कितीतरी कुटुंबे इथे पोट भरायला आली. आमच्या पटावरच्या बऱ्याच मुलांचे आजोळ-आजघर बीड, जालना, उस्मानाबादकडचे आहे. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले. मोटारीला रंग देतात त्या शॉपमध्ये हवेचे तापमान आणि दमटपणा काटेकोर राखावा लागतो, नाहीतर रंगाला पुरळ येते. एका पालकांनी आम्हाला हसत सांगितले, "सर, गाडी को एसी है, हमको पंखा." ते शेजारच्या शेडमध्ये पत्रे दाबतात.

मग जमिनीचा पंप इथे का नको? आम्ही हा प्रश्न एका बोअरवाल्याला विचारला, आणि विज्ञानाच्या पुस्तकांनाही. अडचणी खऱ्या आहेत. आपल्या पायाखाली काळा बसाल्ट आहे. दोन-तीनशे फूट भोक पाडायला पैसा लागतो, आणि एका भोकाने भागत नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. स्वीडनमध्ये हिवाळ्यात जमिनीतून ऊब काढतात. उन्हाळ्यात ती भरून येते. आपल्याकडे नुसती उष्णता टाकायची, काढायची फारशी नाही. अभेद्य कातळात वर्षानुवर्षे उष्णता ओतली तर जमीनच तापू लागते आणि पंपाचा फायदा आटत जातो. म्हणून इथे अशा पंपाबरोबर आंघोळीचे पाणी तापवण्यासारखी कामे जोडावी लागतात, म्हणजे काही उष्णता जमिनीत जायच्या आधीच कामाला येते. मोठ्या इस्पितळाला किंवा वसतिगृहाला हा हिशेब जमेल. पत्र्याच्या शाळेला नाही.

साधा मार्गही आहे. हरियाणात गुरुग्रामजवळ ग्वालपहाडी इथे टेरी या संस्थेने २००० मध्ये एक निवासी इमारत उभारली. तिथे चार मीटर खोल बोगदे पुरले आहेत, प्रत्येकी ७० मीटर लांबीचे. बाहेरची हवा त्यांतून फिरून खोल्यांत येते. आम्ही वर्गात फळ्यावर हे चित्र काढले तेव्हा त्या सहावीतल्या मुलाने ओळखले, "सर, ये तो बादगीर लेटा हुआ है."

तेव्हापासून मुलांनी शाळेच्या मागे खड्डा खणायचा हट्ट धरला. अडीच फुटांवर पहार टणकन वाजली. मुरूम संपून कातळ लागला होता. जागाही आमची नव्हती. शेडच्या मालकांनी खड्डा बुजवायला सांगितला आणि आम्ही बुजवला. गेल्या एप्रिलात सातवीतली एक मुलगी तिसऱ्या तासाला भोवळ येऊन पडली होती, हे त्यांनाही माहीत होते. पक्क्या इमारतीसाठीचे अर्ज गेले आहेत. त्यांच्या पोच आमच्या फायलीत आहेत.

शेवटी पालकांपैकी जे रंगकाम करतात त्यांनी एका रविवारी पत्र्यावर चढून चुना आणि डिंकाचा जाड लेप दिला. चुना मधेच संपला. पाचवी आणि सहावीच्या वर्गांवरचे पत्रे पांढरे झाले, सातवीचे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी साडेबाराला मुलांनी दोन्हीकडे थर्मामीटर लावला तेव्हा पाच अंशांचा फरक होता. तेव्हापासून सातवीचे वर्ग शेवटच्या दोन तासांना पांढऱ्या पत्र्याखाली बसतात आणि त्यांच्या जागी पाचवीला बाहेर बोअरपाशी, कडुनिंबाखाली नेतात. वेळापत्रक मुलांनीच आखले आहे. थर्मामीटर आता कपाटात ठेवत नाहीत, तो बोअरच्या हँडलला सुतळीने बांधलेला असतो.